पन्नाशीनंतरचा धंदा आणि म्हातारे गिऱ्हाईक

पन्नाशी उलटल्यावर धंदा बदलावा का, असे आमचे व्यापारी बंधू नेहमी विचारतात. आम्ही आमचा तजुर्बा सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पेठेत तीस वर्षे आम्ही कापड विकत आहोत. आधी तयार कपड्यांनी तागे मागे सारले. पुढे मोबाईलवरून घरपोच माल येऊ लागला आणि दुपारपर्यंत बोहनी होईना. वय बावन्न. दुकान भाड्याने द्या आणि आराम करा, असे मुलांचे म्हणणे पडले. आमच्याकडे शिवणारे मास्टर तर आमच्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना कोणी आराम करा म्हणणारेही नव्हते.

त्याच वर्षी वालिदांना अर्धांगवायू झाला. सदरा डोक्यावरून घालायचा म्हणजे दोन माणसे लागत आणि वालिद कळवळत. पायजम्याची नाडी ओली झाली की गाठ सुटत नसे. शेवटी मास्तरांनी त्यांचा सदरा खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उसवला आणि टिचबटणे लावून दिली. लुळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. काढताना याच्या उलट. एकटी सून ते काम करू लागली. आठ दिवसांत शेजारच्या दोन घरांतून तशाच सदऱ्याची मागणी आली.

मग आम्ही आकडे पाहिले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. राज्य वाढले, जिल्हा घटला. कमावते हात मुंबईत नाहीतर आखातात, घरी आईबाप. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये देशात शेकडा साडेदहा माणसे साठीपुढची होती आणि २०५० पर्यंत हे प्रमाण शेकडा वीसच्या वर जाईल. जपानात ओजी या मोठ्या कागद कंपनीने २०२४ मध्ये तान्ह्या मुलांचे डायपर त्या देशापुरते बंद करून मोठ्या माणसांच्या डायपरवर भर देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे ती वेळ दूर आहे, पण पेठेत काठी टेकत येणारी माणसे कोणीही मोजावीत.

पहिला माल आमचा फसला. साठ नग वेल्क्रो लावून शिवले. धुण्यात त्यात धागे अडकले आणि म्हाताऱ्यांची पातळ कातडी खरचटली. सगळे उसवून टिचबटणे लावली. दुसरी चूक पाटीची. ‘वृद्ध व आजारी लोकांचे कपडे’ असे रंगवले, तर महिनाभर कोणी पायरी चढेना. आपला बाप म्हातारा झाला हे भर पेठेत कोणाला कबूल करायचे असते? पाटी बदलून ‘आरामाचे कपडे’ केली.

कापड आम्ही इचलकरंजीचे सुती पॉपलिन किंवा मलमल घेतो. हे कपडे रोज गरम पाण्यात धुतले जातात, म्हणून ते आधी भिजवून आटवून घ्यावे लागते. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीखालची जाड शिवण टोचते आणि तिथे जखमेची सुरुवात होते. पांढऱ्यावर औषधाचे डाग दिसतात, बारीक बुट्टीचे छापील बरे. बायकांची मॅक्सी मागून उघडी ठेवून दोन पदर एकावर एक येतील अशी बेतावी. कूस बदलताना अंग उघडे पडता कामा नये. पायजम्याला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, तेही सैल.

सदऱ्याला कापड २२५, शिलाई १२०, बटणे १५, असा ३६० रुपये खर्च येतो आणि आम्ही तो ४७५ ला विकतो. औषधाच्या दोन दुकानांत माल जाकडावर ठेवला आहे. खप लहान आहे. एका पेठेत असे दुकान एकच चालेल, हे बंधूंनी ध्यानात घ्यावे. कर्ज काढून यात उडी घेऊ नये. आम्ही पडून राहिलेल्या ताग्यांवरच सुरुवात केली.

मापाचा घोळ मात्र मोठा. मुलगा दुबईहून फोनवर बापाचे माप सांगतो, ते दहा वर्षांपूर्वीच्या बापाचे असते. पाठवलेला सदरा दोन बोटांऐवजी वीतभर सैल होतो. म्हणून आता मास्तर स्वतः घरी जातात आणि बायकांच्या मापाला त्यांची पत्नी जाते. दोघांना फेरीचे पैसे वेगळे मिळतात.

कधी कधी न वापरलेले कपडे परत येतात. का, ते विचारावे लागत नाही. आम्ही पूर्ण पैसे परत करतो. एका बंधूंनी याला तोट्याचा सौदा म्हटले. पण त्या घरांतून पुढे चुलत्याचे, मावशीचे माप आले आहे. सध्या मास्तर चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी पँट बेतत आहेत, मागे उंच आणि पुढे आखूड. दोन नमुने बिघडले, तिसरा मशीनवर आहे.