परक्याचा केसपेपर बाळगण्याची शिक्षा : लेखांक ५

मागील लेखांकात रुग्णाच्या स्वतःच्या कागदपत्रांवरील हक्काचा, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात मान्य केलेल्या हक्काचा, विचार झाला. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील लाइन बाजारचे सेवा रुग्णालय असो वा शहरातील सीपीआर रुग्णालय, तेथे निघालेला केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने जवळ ठेवल्यास शिक्षा कोणती, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण नुसते ‘बाळगणे’ हा स्वतंत्र गुन्हा सर्वसाधारण दंडविधानात नाही, आणि ती नोंद हाती कशी आली यावरच सारे अवलंबून असते.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार कागदी फाईल ही जंगम मालमत्ता, म्हणजे जागेवरून हलवता येणारी वस्तू, ठरते. ती संमतीवाचून लबाडीने नेल्यास चोरी होते. हाती आलेली फाईल लबाडीने बळकावल्यास कलम ३१४ खाली किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कैद आणि दंड होतो. विश्वासाने सोपवलेल्या फाईलचा अपहार केल्यास कलम ३१६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्याच फाईलचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, तर कागद जागेवरच राहतो आणि चोरीची व्याख्या लागू पडत नाही. संगणकातील नोंदीची लबाडीने प्रत काढणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु कागदाच्या छायाचित्राला ही कलमेही सहज लागू होत नाहीत. ही उणीव गंभीर आहे, कारण रुग्णाची अब्रू कागदात नसून त्यावरील मजकुरात असते.

गर्भपाताच्या नोंदींबाबत संसदेने अधिक जागरूकता दाखवली असून, स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीला उघड करणाऱ्यास गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली आहे.

गोपनीयतेला मर्यादाही आहे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद झालेले तत्कालीन आमदार सुरुपसिंह नाईक यांच्या रुग्णालयीन नोंदींबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली असे ठरवले की, व्यापक जनहित असल्यास कैद्याच्या अशा नोंदी माहिती अधिकाराखाली देता येतात. परक्याची नोंद मिळवण्याचा हा एक उघड व कायदेशीर मार्ग.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम मात्र निराश करतो. हेतू संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन त्यात आहे आणि माहितीची सुरक्षितता न राखल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण कैद नाही, दंडाची रक्कम रुग्णाला न मिळता भारताच्या संचित निधीत जमा होते, आणि भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे जुने कलम ४३अ वगळण्याची तरतूदही त्यातच आहे. नुकसान सोसणाऱ्या रुग्णाच्या पदरी काहीच न टाकणारी ही रचना अन्यायकारक आहे.

तक्रार देणाऱ्याने नोंद कोणाकडून, कधी आणि कोणत्या मार्गाने बाहेर गेली हे लेखी स्पष्ट करावे, कारण कलम त्यावरूनच ठरते. वरिष्ठ न्यायालयात दाद मागण्यासाठी आता मुंबईस जावे लागत नाही, कारण उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू आहे.