माशांच्या टाकीला कोणता फिल्टर?

फिल्टर म्हणजे पाण्यातला कचरा गाळणारं यंत्र, एवढीच बहुतेकांची समजूत असते. पण कचरा दिसतो, अमोनिया दिसत नाही. आणि नव्या टाकीतले मासे दगावतात ते बहुधा अमोनियामुळेच. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा पहिल्याच दिवशी डझनभर मासे आणू नयेत.

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तितक्याच उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. तासाला त्याच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा फिल्टर पुरतो. खोक्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. स्पंजमध्ये गाळ साचला की प्रवाह घटतो.

गप्पी, फायटर किंवा पिल्लं असतील तर हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. स्वस्त, प्रवाह मंद, आणि पिल्लं आत ओढली जात नाहीत. दुकानदार तो आपणहून क्वचितच पुढे करतो, त्यात त्याला सुटणार ते किती! गोल्डफिश मात्र घाण फार करतो. त्याला टाकी मोठी आणि मागे टांगायचा दमदार फिल्टर हवा. लहान टाकीला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, ही मला तरी उधळपट्टी वाटते.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा, आणि वीज वाचवायला रात्री फिल्टर बंद करू नका.