श्वासाची साथ आणि डॉक्टरांची सावधगिरी

साथ आली म्हणजे डॉक्टरला तिच्याविषयी सर्व ठाऊक असते, असे आपण धरून चालतो. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांचा इतिहास पाहिला तर निराळेच दिसते. मागच्या साथीत डॉक्टर जे शिकला, तेच पुष्कळदा पुढच्या साथीत त्याच्या दृष्टीआड उभे राहते. याचे सर्वांत ठळक उदाहरण मांचुरियातील १९१०-११ च्या प्लेगचे, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईशी जुळतो.

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले, तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने प्रयोग केले आणि ते सर्वमान्य झाले. प्लेग म्हटला की उंदीर, आणि उंदीर म्हटला की पिसू, हे समीकरण मग डॉक्टरांच्या मनात पक्के बसले. ते बरोबरच होते. फक्त गाठीच्या प्लेगापुरते होते.

१९१० च्या हिवाळ्यात हार्बिन शहरात माणसे ताप येऊन, रक्ताळलेली थुंकी टाकीत मरू लागली. चिनी सरकारने डिसेंबरात डॉ. वू लियन-ते यांना तेथे पाठविले. वय अवघे ३१, जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे. एका मृत स्त्रीचे शवविच्छेदन करून त्यांनी प्लेगचे जंतू दाखविले; पण उंदरांत ते सापडेनात. कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या बंद करून खाणावळींत दाटीने निजणारे मजूर पाहून वू यांनी ताडले की, येथे उंदराची मध्यस्थी उरलेलीच नाही. हा फुप्फुसाचा प्लेग खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो आहे. डॉक्टर-परिचारकांनी जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून नाकातोंडावर पट्टी बांधावी, असे त्यांनी सांगितले.

डॉ. मेनी या अनुभवी फ्रेंच प्राध्यापकांना हे पटले नाही. पट्टी न बांधताच त्यांनी रुग्णालयात रोगी तपासले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, ते प्लेगने वारले. अडाणी माणसाचा हा मृत्यू नव्हे, जाणत्याचा होता. त्यानंतर पट्ट्यांना मागणी आली. रोग्यांच्या सहवासातील माणसांना आगगाडीच्या डब्यांत वेगळे ठेवण्यात आले, गोठलेली प्रेते जाळण्यात आली आणि मार्च उजाडेपर्यंत हार्बिनची साथ ओसरली. मांचुरियात एकूण बळी सुमारे ६०,००० पडले.

आपल्या पिढीने पाहिलेल्या कोविडमध्ये जवळजवळ तसेच घडले. रोग्याच्या तोंडचे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात, तेव्हा अंतर राखा आणि हात धुवा, ही शिकवण जुनी होती. अतिसूक्ष्म थेंब वाळून हवेत तरंगत राहतात, असे विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच मांडले होते. डॉक्टरांनी ते क्षय आणि गोवर यांच्यापुरते मानले आणि बाकीच्या रोगांना थेंबांच्या खात्यात टाकून दिले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले. बंद, दाटीच्या जागी हवेतूनही तो लागतो, हे तिने स्पष्टपणे लिहिले ते २०२१ मध्ये.

मधल्या काळात हात धुण्याचा उपदेश झाला, तो चांगलाच होता. पण खिडकीची आठवण फार थोड्यांनी केली. रोग्यासमोर पट्टी काटेकोरपणे बांधायची आणि सहकाऱ्यांबरोबर चहा घेताना बंद खोलीत ती उतरवून गप्पा मारायच्या, हा विसंगतपणाही त्यातूनच आला. जणू जंतू फक्त खाटेवरच्या माणसाकडे असतात! वास्तविक कोविडचा रोगी लक्षणे दिसण्यापूर्वीच दुसऱ्याला रोग देऊ शकतो, आणि तो रोगी डॉक्टरही असू शकतो. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खोकणारा माणूस आणि कडेवर मूल घेतलेली आई एकाच बाकावर तासभर बसतात. तेथे खिडकी उघडी ठेवणे, खोकणाऱ्याला आधी आत घेणे आणि नाकावर घट्ट बसणारी पट्टी वापरणे, एवढे डॉक्टरला आजही करता येते.