कर्ज चालेल, लपवाछपवी चालणार नाही
अमेरिकेतील 'सिक्युरिटी क्लिअरन्स' आणि माणसाची पत

पत म्हणजे काय, हे व्यापारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अडचणीत आलेले गिऱ्हाईक दुकानात येऊन खरे सांगते की रस्ता बदलून जाते, यावर आपण पुढची उधारी ठरवतो. आपली गुपिते कोणाच्या हाती द्यायची हे ठरवताना अमेरिकन सरकारही बरेचसे असेच पाहते. या परवानगीला तिकडे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात.

ती फक्त हेरखात्यातल्या लोकांना लागते असे नाही. लष्करी कंत्राट घेतलेल्या कंपनीतील इंजिनिअर, संगणकाचे काम करणारा, नौदलाच्या गोदीतला वेल्डर किंवा वायरमन, यांनाही कामाच्या स्वरूपाप्रमाणे ती लागू शकते. अर्जदार मात्र सामान्यतः अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. आपल्याकडची जी मुले तिकडे नागरिक झाली आहेत, त्यांच्याशी या विषयाचा थेट संबंध येतो.

कर्जाची एवढी धास्ती का, हे दोन प्रकरणांवरून कळते. जॉन वॉकर हा नौदलातला अधिकारी. त्याने साउथ कॅरोलायनात काढलेला बार तोट्यात गेला, आणि १९६७ च्या अखेरीस तो सरळ सोव्हिएत वकिलातीत जाऊन गुपिते विकू लागला. १९८५ मध्ये पकडला गेला. त्याच १९८५ साली सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि देण्यांनी बेजार होऊन रशियनांकडे गेला. पहिला हप्ता ५०,००० डॉलरचा होता. पुढे त्याने ५,४०,००० डॉलरचे घर रोखीने घेतले, जग्वार मोटार घेतली आणि पैसा सासुरवाडीचा असल्याचे सांगितले. १९९४ मध्ये अटक होईपर्यंत ही थाप खपली. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नवा आदेश काढला. त्यात अशा कर्मचाऱ्यांच्या आर्थिक व्यवहारांची माहिती मागवण्याची तरतूद झाली. धर्म किंवा वंश पाहून क्लिअरन्सबाबत भेदभाव करायचा नाही, हेही त्याच आदेशात लिहिले आहे.

८ जून २०१७ पासून लागू झालेल्या नियमावलीत १३ कसोट्या आहेत. पाचवी वर्तनाची, सहावी पैशाची. थकलेले कर्ज, न भरलेला कर, जुगार, कमाईपेक्षा जास्त थाटमाट हे सारे सहाव्या कसोटीत येते. अमुक डॉलरपर्यंत माफ अशी रेषा मात्र कुठेही आखलेली नाही. नोकरी गेली, धंदा बसला, आजारपण आले, घटस्फोट झाला, अशा हाताबाहेरच्या कारणाने देणे झाले असेल आणि माणूस त्यानंतर जबाबदारीने वागला असेल, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. सावकाराशी हप्ते ठरवून नेमाने फेडणारा माणूस दिवाळे निघाल्यानंतरही पात्र ठरू शकतो.

खरा घात होतो तो पाचव्या कसोटीत. एसएफ-८६ नावाच्या भल्यामोठ्या फॉर्मात मागील ७ वर्षांत दिवाळे काढले काय, कर भरायचे राहिले काय, १२० दिवसांहून जास्त थकबाकी झाली काय, असे प्रश्न असतात. माणूस लाजेने 'नाही' लिहितो. सरकार तर पत-अहवाल मागवणारच असते! मग जे देणे दोन कागद दाखवून निभावले असते, ते लबाडीचे प्रकरण बनते. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा असून त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चूक लक्षात येताच, कोणी विचारण्याआधी, स्वतः होऊन दुरुस्त केली तर ती बाजू जमेस धरतात. पकडल्यानंतरच्या कबुलीला फारशी किंमत नाही.

कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वायदा करून मोडतो, म्हणून हजरत पैगंबर (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहची पनाह मागत असत, हे सहीह बुखारीतून आपल्याला ठाऊक आहे. कर्ज आणि खोटेपणा यांचे हे नाते अमेरिकन कायदेपंडितांना आत्ता कुठे सापडले, एवढेच. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. २८० वी आयत अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत द्यायला सांगते.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. भावाच्या कर्जाला जामीन राहणे, गावच्या घरात हिस्सा असणे, या गोष्टी आपण 'घरच्या' समजतो. पण भाऊ हप्ते चुकला की थकबाकी जामीनदाराच्या नावावरही चढू शकते. परदेशातील स्थावर मालमत्तेबद्दल तर त्या फॉर्मात वेगळा प्रश्नच आहे. गावच्या घराचा हिस्सा लिहिल्याने नुकसान होईल ही भीती बहुतेक वेळा फोल असते. गाळल्याने मात्र नक्की होते.

संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्याबद्दल शंका आली तर आक्षेपांची लेखी यादी हाती येते. उत्तराला २० दिवस मिळतात आणि न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. तिथे तोंडी सबबी चालत नाहीत. हप्त्यांच्या पावत्या, बँकेची पत्रे, करखात्याशी झालेला करार असे कागद लागतात. शंका राहिली तर निकाल सरकारच्या बाजूने जातो, कारण क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही असे तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगून ठेवले आहे. नकार कायम झाला की वर्षभर थांबावे लागते. त्यानंतर पुन्हा अर्ज करता येतो, पण त्यासाठी ते काम देणारी कंपनी पाठीशी उभी असावी लागते.