मंजूची पत्रं

(लेखमाला ‘संशय ते शाबिती’ : भाग पाचवा)

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, स्वतःचं पोलीस ठाणं आहे, आणि मे २०२५पासून एक असा विषय आहे जो मुद्दाम काढावा लागत नाही. चौसाळ्याच्या जंगलात अर्धवट जळालेला मृतदेह सापडला. मृताची ओळख पटली, खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि पोलिसांचा संशय मृताच्या पत्नीपाशी येऊन थांबला. तिला अटक झाल्याची बातमी आली, तोवर पानठेल्यांवर निकाल लागूनही गेला होता. “मले तं पहिल्याच दिवशी वाटलं होतं,” असं म्हणणारे अशा वेळी गल्लोगल्ली निघतात. पहिल्या दिवशी ते काहीच बोललेले नसतात, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणात इथं शिरायचं नाही. पोलिसांनी केलेला आरोप आणि न्यायालयात शाबित झालेला गुन्हा यांच्यामध्ये खटला नावाची लांब वाट असते. प्रश्न त्याआधीचा आहे. घरातलं माणूस संशयास्पदरीत्या मेलं, की सगळ्यांची नजर आधी जोडीदाराकडेच का वळते? आणि वळलेली ती नजर न्यायालयात कितपत टिकते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे, पण सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींचे हेतुपुरस्सर खून झाले. त्यांपैकी सुमारे ५१,१०० जणींना मारणारा माणूस जोडीदार किंवा घरातलाच कुणीतरी होता. दिवसाला सरासरी १४०. पुरुषांच्या खुनांत हे प्रमाण बरंच कमी, साधारण बारा टक्के. त्यामुळे विवाहिता गेली की तपास अधिकारी नवऱ्याला पहिल्यांदा समोर बसवतो, यात त्याचा काही दोष नाही. अनुभव त्याला तेच सांगतो. अडचण पुढं येते. शंभरातल्या साठ घरांत जे घडलं, ते समोरच्या या एका घरातही घडलं, हे आकडा सांगू शकत नाही.

आता पुण्यात जाऊ. साल १९८२. शरद बिरधीचंद सारडा हे रसायन अभियंता, भोसरीत त्यांचा रसायनांचा कारखाना. ११ फेब्रुवारीला बीडच्या मंजूशी त्यांचं लग्न झालं. तक्षशिला अपार्टमेंटमधल्या फ्लॅटमध्ये संसार सुरू झाला. ११ जूनची रात्र सरली आणि १२ तारखेला मंजू बिछान्यात मृत असल्याचं जगाला कळलं. लग्नाला नुकते चार महिने झाले होते. सरकार पक्षाच्या मते मृत्यूचं कारण पोटॅशियम सायनाइड.

सरकार पक्षाची कहाणी ऐकल्याबरोबर पटावी अशी होती. नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध, त्याला नकोशी झालेली नवी नवरी, रात्रीच्या वेळी फ्लॅटमध्ये दोघंच, आणि रसायनांशी रोजचा व्यवहार असलेला नवरा. त्यात मंजूची पत्रं. माहेरी बहिणीला आणि एका मैत्रिणीला तिनं लिहिलं होतं. नवऱ्याचं दुर्लक्ष, त्या दुसऱ्या स्त्रीची सावली, मनातली घुसमट, सगळं त्या पत्रांत होतं. माहेरच्यांच्या साक्षीही त्याच सुरातल्या. पुण्याच्या सत्र न्यायालयानं सारडांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्धच्या सतरा परिस्थिती एकामागून एक मांडल्या आणि ती शिक्षा कायम केली.

सतरा! एवढ्यानं कुणाचाही संशय घट्ट व्हावा.

१७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली, ए. वरदराजन आणि सब्यसाची मुखर्जी यांचं हे पीठ. फझल अलींनी लिहिलेलं निकालपत्र लांबलचक आहे, पण कायद्याच्या विद्यार्थ्याला ते चुकवता येत नाही. परिस्थितीजन्य पुराव्याचा विषय आला की आजही पहिलं नाव याच खटल्याचं निघतं.

आधी पत्रांचा प्रश्न होता. मेलेल्या माणसानं आधी लिहिलेलं पुरावा म्हणून वाचता येतं का? इंग्लंडच्या कायद्यात मृत्यूपूर्व जबाब ग्राह्य धरायचा तर बोलणाऱ्याला आपलं मरण समोर दिसत असावं लागे. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यानं ही अट कधीच घातली नव्हती. ज्या घटनाक्रमाची परिणती मृत्यूत झाली, त्याबद्दल मृतानं काही सांगितलं असेल तर ते चालतं, मग तेव्हा मरण मनात असो वा नसो. लग्नापासून मृत्यूपर्यंत चारच महिने गेले होते, म्हणून मंजूची पत्रं या कक्षेत आली. न्यायालयानं ती वाचली, बारकाईनं वाचली. आणि तिथंच सरकार पक्षाचा डाव उलटला.

सरकार पक्षाला पत्रांत दिसत होती नवऱ्याच्या छायेत भेदरलेली मुलगी. न्यायालयाला त्याच ओळींत अतिशय हळवी, मनातल्या मनात कुढणारी, आयुष्याचा उबग आलेली मुलगीही दिसली. अशा मुलीनं स्वतःच विष घेतलं नसेलच, असं छातीठोक म्हणता येईना. संबंध बिघडले होते हे पत्रांवरून कळत होतं. विष कुणी दिलं हे पत्रांवरून कळणं शक्य नव्हतं. संसार बिघडलेल्या घरात खून होऊ शकतो, तशी आत्महत्याही होते. आणि दोन्हींच्या आधीची पत्रं सारखीच दिसतात.

मग विष. विषप्रयोगाच्या खटल्यात न्यायालयानं चार गोष्टी तपासायला सांगितल्या: आरोपीला हेतू होता का, मृत्यू त्या विषानंच झाला का, ते विष आरोपीजवळ होतं का, आणि ते देण्याची संधी त्याला होती का. संधी होती, एका छपराखाली राहणाऱ्याला ती असतेच. तिसऱ्या मुद्द्याशी गाडी अडली. सारडांनी सायनाइड मिळवलं होतं, जवळ बाळगलं होतं, याचा पुरावा आला नाही. रसायनवाला माणूस आहे, त्याला काय अवघड, हे चावडीवर चालतं. फाशीच्या खटल्यात चालत नाही.

आरोपीनं खोटी सबब सांगितली, हाही एक मुद्दा होता. लोहाऱ्यात काय, मुंबईत काय, लोकांच्या मते खोटं बोलणं म्हणजे अर्धा कबुलीजबाब. न्यायालयानं त्याला मर्यादा घातली: पुराव्याची साखळी आधी स्वतःच्या बळावर पूर्ण असेल, तर खोटी सबब तिला आणखी एक कडी जोडते, तुटलेली साखळी मात्र तिनं सांधता येत नाही. शिवाय ज्या परिस्थितींबद्दल आरोपीला न्यायालयात कधी विचारलंच नाही, त्या त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, असं सांगून सतरांपैकी काही बाजूलाच काढल्या.

याच निकालात फझल अलींनी परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ सांगितलं. प्रत्येक परिस्थिती आधी पूर्णपणे शाबित झालेली असावी. सगळ्या मिळून त्या आरोपीच्या दोषाशीच जुळाव्यात, दुसऱ्या कशाशीही नाही. त्यांचं स्वरूप निर्णायक असावं. दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी मोडीत काढावी. आणि साखळी इतकी सलग असावी, की आरोपी निर्दोष असू शकेल असं मानायला वाजवी जागाच उरू नये. पहिलं कलम सांगताना १९७३च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्याचा आधार घेतला होता. ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांच्यातलं अंतर मोठं आहे, हे त्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावलं होतं. गंमत अशी, की त्याच बोबडे निकालात अय्यर यांनी दुसरीही तंबी दिली होती: संशयाचा फायदा सढळ हातानं वाटत सुटलात तर गुन्हेगार मोकाट फिरतील. तो भाग वकील मंडळी सहसा उद्धृत करत नाहीत. निदान बचावाचे वकील तरी नाहीत.

पंचशीलाचं मूळ मात्र आणखी मागचं, आणि विदर्भाच्या वाचकाला जवळचं आहे. १९५२चा हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा तो खटला. त्यात कुणाचाही खून झालेला नाही. नरगुंदकर हे मध्य प्रदेशचे आबकारी आयुक्त, राजधानी नागपूर, आणि भानगड होती शिवनीच्या सरकारी डिस्टिलरीच्या टेंडरची. यवतमाळ जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात आणि नागपूरच्याच उच्च न्यायालयाखाली होता. दारूच्या भट्टीच्या ठेक्यावरून झालेल्या त्या खटल्यात न्यायमूर्ती महाजन यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची जी कसोटी मांडली, तिच्यावर आज देशभरातले खुनाचे खटले घासून पाहिले जातात.

कायद्याच्या लेखी शरद सारडा निर्दोष आहेत आणि त्यांच्याबद्दल तसंच बोललं पाहिजे. मंजूला त्या रात्री काय झालं, याचं उत्तर मात्र निकालपत्रात मिळत नाही. बीडच्या घराला ते मिळालं नाही याची खंत वाटते; पण त्यासाठी न्यायालयाला बोल लावणं बरोबर नाही. उत्तर शोधणं तपासाचं काम होतं.

इथं कुणी म्हणेल, मग बंद दाराआड बायकोला मारणाऱ्याला रान मोकळंच की. साक्षीदार कुठून आणायचा? याला कायद्याकडे उत्तर आहे. जी गोष्ट खास आरोपीलाच ठाऊक असू शकते, तिचा खुलासा त्यानं करायचा. हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १०९ झालं. २००६च्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात ते नीट कळतं. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात विवाहिता मेली, माहेरी निरोप गेला की साप चावला. शवविच्छेदनात निघालं, गळ्यावर दाब देऊन श्वास कोंडला होता. ती नवऱ्याच्या घरात होती, आणि सापाची गोष्ट खोटी ठरल्यावर नवऱ्याकडे दुसरा खुलासा नव्हता. जन्मठेप सर्वोच्च न्यायालयातही टिकली. पुण्याच्या आणि नांदेडच्या प्रकरणांत फरक पडला तो डॉक्टरच्या टेबलावर. स्वतःचा गळा कुणी हातानं दाबून मरत नाही. विष स्वतःच्या हातानं घेता येतं. नांदेडच्या प्रकरणात खून झाला हे आधीच पक्कं होतं, म्हणून खुलाशाचा भार नवऱ्यावर आला. पुण्याच्या प्रकरणात खून झाला की नाही इथंच घोडं अडलं होतं.

खून झाला हे पक्कं, घरात राहणारी दोघंच, तरीही नवरा दोषी ठरू नये, असं होतं का? लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड या उपनगरात १९३१ साली तसं झालं. विल्यम हर्बर्ट वॉलेस हा प्रुडेन्शियल कंपनीचा विमा एजंट, बावन्न वर्षांचा, बुद्धिबळाचा शौकीन. १९ जानेवारीला त्याच्या बुद्धिबळ क्लबात फोन आला: क्वालट्रो नावाच्या माणसाला विम्याचं काम आहे, वॉलेसनं उद्या साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथं यावं. दुसऱ्या संध्याकाळी वॉलेस ट्रामनं गेला. त्या भागात मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ होतं, साउथ होतं, वेस्टही होतं. ईस्ट नव्हतंच. कंडक्टरला विचारलं, पोलिसाला विचारलं, आणि पावणेनऊच्या सुमारास तो घरी परतला, तर समोरच्या खोलीत पत्नी ज्युलियाचं डोकं ठेचलेलं.

फोन वॉलेसच्या घरापासून चारशे यार्डांवरच्या बूथमधून आला होता. मग काय, त्यानंच आवाज बदलून स्वतःला फोन केला, आणि रस्ताभर पत्ता विचारत हिंडला तो साक्षीदार जमवायला! हा तर्क ऐकायला जबरदस्त आहे. पण दूध टाकणाऱ्या पोरानं साडेसहाच्या पुढं ज्युलियाला जिवंत पाहिलं होतं, आणि सात वाजून काही मिनिटांनी वॉलेस दूरच्या ट्रामथांब्यावर होता. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत एवढा रक्तपात करून, धुऊन, आवरून बाहेर पडायचं, आणि अंगावर रक्ताचा एक ठिपका राहू द्यायचा नाही.

ज्यूरीनं तासाभरात दोषी ठरवलं. न्यायाधीशांचा कल सुटकेकडे असतानाही. त्याच्याविरुद्ध लोकांच्या मनात सगळ्यात जास्त भरली होती ती त्याची शांत मुद्रा. तो रडला नाही. खरं तर तो मार्कस ऑरेलियस वाचणारा, भावना चेहऱ्यावर न आणण्याला मोठेपण मानणारा माणूस होता. पण बुद्धिबळपटू म्हटल्यावर लोकांनी त्या शांतपणाचा अर्थ थंड डोक्याचा कट असा लावला. त्याचा खेळ बेताचाच होता, याकडे कोण लक्ष देतो. मे १९३१मध्ये अपील न्यायालयानं पुराव्याचं वजन कमी पडतं म्हणून शिक्षा रद्द केली. खुनाच्या खटल्यात निव्वळ या कारणावरून ज्यूरीचा कौल फिरवण्याची तिथं ती पहिलीच वेळ. वॉलेस सुटला, पण ॲनफिल्डनं त्याला सोडलं नाही. गिऱ्हाइकं दार उघडेनात, शेजारी तोंड फिरवू लागले. तो नदीपलीकडे ब्रॉम्बरोला राहायला गेला आणि फेब्रुवारी १९३३मध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. ज्युलियाचा मारेकरी आजतागायत शाबित झालेला नाही.

मंजूच्या खटल्यात विषाचं नाव सांगितलं गेलं आणि आरोपी सुटला. याच्या नेमकं उलट पुण्यातच घडलेलं आहे. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई आपल्या डॉक्टरबरोबर पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसल्या. सकाळी बेशुद्ध अवस्थेत त्यांना जी. टी. रुग्णालयात दाखल केलं आणि त्याच दिवशी त्या गेल्या. रासायनिक तपासणीत कोणतंही विष सापडलं नाही. तरीही डॉ. अनंत चिंतामण लागूंची फाशी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५९मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी कायम केली. दोन न्यायमूर्तींना काय दिसलं आणि न्यायमूर्ती सरकार यांना ते का पटलं नाही, ते पुढच्या आठवड्यात.