कात्री, तलवार आणि न बोललेलं एक वाक्य

जपानी अ‍ॅनिमेशनपट परदेशी जाताना त्यांचं काय काय होतं? आणि त्याचा माझ्या गेलेल्या नोकरीशी काय संबंध?

माझ्या पहिल्या ऑफिसमध्ये मॉनिटरच्या कोपऱ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर दोनच शब्द : ‘जमेल मला.’ शेजारच्या डेस्कवरच्यांना वाटायचं, एचआरच्या एखाद्या मोटिव्हेशनल सेशनचा प्रसाद असणार. छे! ते वाक्य होतं दहा वर्षांच्या एका जपानी मुलीचं. चिहिरोचं.

‘स्पिरिटेड अवे’ मी पहिल्यांदा पाहिला तो २०१७ मध्ये, पुण्यात हॉस्टेलवर. मैत्रिणीची हार्ड डिस्क, माझा लॅपटॉप आणि चौघींत मिळून दोन मॅगी. इंग्लिश डबिंग होतं. नव्या गावी राहायला निघालेली कुरकुरी चिहिरो आई-बाबांबरोबर एका बोगद्यातून भलत्याच जगात जाऊन पोहोचते. आई-बाबांची चक्क डुकरं होतात आणि पोरीला देवादिकांच्या भल्यामोठ्या न्हाणीघरात राबावं लागतं. सगळं निस्तरून ती परत येते, गाडी सुरू होते. बाबा म्हणतात, नवं घर, नवी शाळा, जरा भीतीच वाटते, नाही का? आणि ती म्हणते, जमेल मला. मी नुकतीच साताऱ्याहून पुण्याला आलेली. नवं गाव, नवं कॉलेज. ते वाक्य थेट आत जाऊन बसलं.

मग आला एप्रिल २०२०. मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून साताऱ्याला घरी आलेली मी लॉकडाऊनमध्ये अडकले आणि एका दुपारी फोनवर, अवघ्या चार मिनिटांत, माझी नोकरी गेली. त्याच सुमारास नेटफ्लिक्सने स्टुडिओ जिब्लीचे २१ चित्रपट जगभर (जपान, अमेरिका आणि कॅनडा सोडून) आणले होते. रात्री मी ‘स्पिरिटेड अवे’ लावला. खरं सांगायचं तर फक्त ते एक वाक्य ऐकायला. ऑडिओ जपानी होता, खाली सबटायटल्स. बदलायचा कंटाळा केला. शेजारी आई लसूण सोलत बसलेली.

शेवटचा सीन आला. गाडी सुरू झाली. निघाली. संपला पिक्चर!

चिहिरो काही बोललीच नाही. मागे नेऊन परत पाहिलं. बाबाही बोलत नाहीत. तिन्ही वेळा तेच. म्हणजे तीन वर्षं ज्या वाक्यावर मी ढकलगाडी चालवली, ते दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी लिहिलेलंच नव्हतं. ते अमेरिकेतल्या डबिंगमध्ये घातलं गेलं होतं. तेव्हा जाम राग आला. पण नोकरी नसली की वेळ भरपूर असतो. त्या वेळात मी शोधायला बसले, की हे असं का झालं.

झांड्रा कोण?

गोष्ट सुरू होते १९८४ मध्ये. मियाझाकींचा ‘नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ जपानमध्ये गाजला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोहोचला. पण कसा? नाव बदलून ‘वॉरियर्स ऑफ द विंड’. सुमारे २२ मिनिटं कापलेली. नायिका नौसिकाची झाली राजकन्या झांड्रा. पोस्टरवर शस्त्रं परजलेले असे काही पुरुष, जे चित्रपटात कुठेच नाहीत. विषारी जंगल आणि महाकाय किडे यांच्याशी माणसाने कसं जगावं, हा चित्रपटाचा जीव. कात्रीने नेमका तोच पातळ केला. उरली मारामारी. कारण सरळ होतं. कार्टून म्हणजे लहान मुलांचा माल आणि मुलांना दम धरवत नाही, अशी वितरकांची पक्की समजूत.

याचा धसका जिब्लीने असा घेतला, की पुढे चित्रपट परदेशी देताना त्यांची अट ठरून गेली : एकही कट चालणार नाही.

तलवारीची गोष्ट

या अटीची खरी परीक्षा झाली ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी. १९९७ मध्ये जपानमध्ये या चित्रपटाने गल्ल्याचे सगळे विक्रम मोडले (मग ‘टायटॅनिक’ आला आणि त्याने याचा मोडला). त्याआधीच, १९९६ मध्ये, जिब्लीची मालक कंपनी तोकुमा आणि डिस्ने यांच्यात वितरणाचा करार झाला होता. अमेरिकेतलं काम आलं डिस्नेच्याच मिरामॅक्सकडे. तिथले बॉस हार्वे वाइनस्टीन चित्रपटांना कात्री लावण्यासाठी प्रसिद्ध. सव्वादोन तासांच्या आसपासची लांबी बघून त्यांनी काटछाटीचा धोशा लावला. तेव्हा जपानकडून त्यांना मिळाली एक तलवार. सोबत निरोप : नो कट्स!

ही तलवार मियाझाकींनी दिली असं सगळेच सांगतात. मियाझाकींनी मात्र २००५ मध्ये ‘गार्डियन’ला सांगितलं, की ते काम आपल्या निर्मात्याचं, म्हणजे तोशिओ सुझुकींचं. काय डोकं आहे, मानलं पाहिजे! चित्रपट १९९९ मध्ये अख्खाच्या अख्खा अमेरिकेत लागला आणि पडला. कमाई जेमतेम २३ लाख डॉलर. म्हणजे तत्त्व जिंकलं, तिकीटबारी हरली. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं, बघा, आम्ही सांगत होतो! पण जिब्ली बधलं नाही.

टाळ्यांच्या मधलं काहीतरी

मग कात्रीने वेश बदलला. कापायचं नाही ना? ठीक आहे, भरू या! ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये चिमुकल्या चेटकिणीचं मांजर, जीजी, तिच्याशी बोलत असतं. मध्येच ती त्याची भाषा समजेनाशी होते आणि मूळ चित्रपटात ती परत येतच नाही. मोठं होताना काही गोष्टी सुटतात, त्या सुटतातच. १९९८ च्या डिस्ने आवृत्तीत मात्र जीजी जास्तीची बडबड करतो, शांत जागी संगीत वाजतं आणि शेवटी मांजर पुन्हा बोलतं. झालं, सुटलेलं परत मिळालं! (२०१० च्या डीव्हीडीत डिस्नेने यातला बराचसा भाग काढून टाकला.)

मियाझाकी या शांत जागांना काय म्हणतात, माहितीये? ‘मा’. २००२ मध्ये समीक्षक रॉजर एबर्ट यांना हे समजावताना त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि म्हणाले, दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो ‘मा’. सतत काहीतरी घडतच राहिलं तर तो नुसता गोंगाट. सम येण्याआधीचा श्वास ज्यांना कळतो त्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘स्पिरिटेड अवे’चं इंग्लिश काम पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी खूप प्रेमाने करून घेतलं. एक फ्रेम कापली नाही. पण ती भव्य इमारत पाहून इंग्लिश चिहिरो स्वतःशीच सांगते, की हे न्हाणीघर आहे. जपानी प्रेक्षकाला ते दारावरच्या पडद्यावरून कळतं, अमेरिकन पोराला कसं कळणार? हे समजू शकतं. पण शेवटचं ‘जमेल मला’? ते माहितीसाठी नव्हतं. ते धीर देण्यासाठी होतं. प्रेक्षक अनिश्चिततेत घरी जाऊ नये, म्हणून.

गंमत म्हणजे या चित्रपटाने २००२ मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर आणि २००३ मध्ये ऑस्कर मिळवलं. मियाझाकी ऑस्कर घ्यायला गेलेच नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जायचं नव्हतं, हे त्यांनी २००९ मध्ये सांगितलं. तेव्हाही गप्पच राहिले होते बघा!

आणि आपण?

आपल्याकडे जपानी अ‍ॅनिमेशन आधी आलं ते जपानी आहे हे न सांगता. दादाच्या पिढीचा दूरदर्शनवरचा मोगली? जपानी. माझ्या पिढीचे डोरेमॉन, शिनचॅन थेट हिंदीत बोलत घरात आले. थिएटरचं दार मात्र उशिरा उघडलं. २०१९ मध्ये हजारो चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या आणि माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ ऑक्टोबरमध्ये भारतात लागला. २०२३ मध्ये ‘सुझुमे’, २०२४ मध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ जपानीबरोबर इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला, पहाटेच्या शोंसकट. (मराठी? नाही हो.) मी मूळ जपानी शोला गेले होते. माझ्या रांगेतली कॉलेजची पोरं सबटायटल्सच्या आधी हसत होती. इतकी तयारी! प्रेक्षकाला झेपणार नाही, ही चाळीस वर्षांपूर्वीची समजूत त्या थिएटरमध्ये कुणी येऊन बघायला हवी होती.

म्हणून डबिंग वाईट का? अजिबात नाही. त्या इंग्लिश चिहिरोनेच मला पुण्यातली पहिली दोन वर्षं तारून नेलं, हे मी कसं विसरू? एवढंच करा, या वीकेंडला आधी पाहिलेला एखादा चित्रपट मूळ भाषेत, सबटायटल्स लावून पुन्हा बघा. आणि पडद्यावर काहीच घडत नसेल तेव्हा मोबाइल उचलू नका. बहुतेक तिथेच काहीतरी घडत असतं.

त्या रात्री पिक्चर संपल्यावर आईने विचारलं होतं, “मग पुढे नव्या शाळेत जमतं का गं तिला?”

“ते दाखवलंच नाही. पूर्वी ती म्हणायची, जमेल म्हणून. यात काहीच बोलत नाही. नुसतं वळून बोगद्याकडे बघते.”

आईने लसणीची सालं सुपात गोळा केली. “बरं आहे की. आत्ताच कसं सांगेल बिचारी?”

दुसऱ्या दिवशी मी फ्रीलान्सिंगचे पहिले तीन मेल पाठवले. जमेल की नाही, कुणीच सांगितलं नव्हतं. ती पिवळी चिठ्ठी ऑफिसातच राहिली, परत आणायला गेले नाही.

ता. क. : हा लेख मी बाराशे शब्दांचा पाठवतेय. संपादक कात्री लावणार, हे नक्की. तलवार धाडायची फार इच्छा आहे, पण फ्रीलान्सरच्या मानधनात परवडत नाही.