गळका कार्बोरेटर : ठिपका एकीकडे, दोष दुसरीकडे

गेल्या मे महिन्यात एका रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास आमच्या पुतण्याचा इंग्लंडहून फोन आला. नेहमीप्रमाणे "जय भीम काका" झाले, काकूची चौकशी झाली आणि मग तो एकदम म्हणाला, "मिस्त्रीकाका घरी आहेत का? जरा बोलवा ना त्यांना." आम्हांला वाटले, पोराचे काही बिनसले. बिनसले होते ते त्याच्या गाडीचे.

गाडी म्हणजे एमजीबी. आपल्याकडे हल्ली रस्त्यावर दिसणारी एमजी वाचकांनी डोळ्यांसमोर आणू नये; नाव तेच, पण मालक आणि गाडी दोन्ही वेगळी. एमजीबी ही इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ती नोकरदार माणसाच्या आवाक्यातली राहिली आहे. दोन माणसांची, बसकी, छत उघडणारी गाडी. पुतण्याची १९७० सालची.

दोन माणसांची गाडी घेऊन तीन माणसांच्या कुटुंबाने करायचे काय, असे आम्ही तेव्हा विचारले होते. जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्याला असेच प्रश्न पडतात. त्यावर तो नुसता हसला. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, एका साहेबांची ॲम्बॅसडर चालवीत. बावीस वर्षे चालवली. रोज सकाळी फडक्याने चकचकीत पुसलेल्या त्या गाडीत पोराला एकदाही बसायला मिळाले नाही. पुढे पुतण्याच्या वाचनात आले की जुन्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातली आहेत, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज'मधली. त्याला तेवढे कारण पुरले.

आणि मिस्त्री कोण, तर त्याच ॲम्बॅसडरचे काम करणारे. आमच्याच चाळीत राहतात, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या गॅरेजला कधी पाटी नव्हती, पिंपळाखालची जागा होती. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि त्यांचा पाना हळूहळू थांबला. त्या रात्री ते जेवण अर्धवट सोडून आमच्याकडे आले.

तक्रार अशी होती. गाडी थोडी चालवून उभी केली की बोनेटमधून पेट्रोलचा वास येई आणि खाली डाग पडे. वास डाव्या बाजूला अधिक. इंग्लंडातही आपल्यासारखे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे डाव्या सीटवर बसायची ती त्याची सात वर्षांची मुलगी. शाळेतून आणली की तिच्या स्वेटरला पेट्रोलचा वास येतो म्हणून सूनबाई रोज बोलत होत्या. एका गॅरेजवाल्याने दोन्ही कार्बोरेटर बदलून टाका असे सांगितले होते. रक्कम ऐकून आम्हीच इथे खाली बसलो. पुतण्याने स्वतः निडल व्हॉल्व्ह दोनदा नवीन घातला होता. पंधरा दिवस बरे जाई, पुन्हा तेच.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी आता कुठे आहे?" घराला लागून असलेल्या बंद गॅरेजात होती. "बाहेर काढ. ढकलून काढ, चालू करू नको." पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. आमच्या सौ. शेजारून म्हणाल्या, "रॉकेलचा स्टोव्ह गळायला लागला की आपण आधी विझवायचो, मग वायसर शोधायचो." मिस्त्रींनी मान हलवली. मग बॅटरी सोडवायला सांगितले. पुतण्या म्हणाला, ती बोनेटमध्ये नाहीच, सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. यावर मिस्त्री प्रथमच हसले.

येथे गाडीची रचना थोडी सांगावी लागेल. एमजीबीला एसयू जातीचे दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे लंडनमधील जोड्यांच्या व्यापारातले घराणे; त्यातल्या भावांनी हा कार्बोरेटर काढला आणि सुरुवातीच्या नमुन्यांत हलता भाग चामड्याच्या भात्याचा होता! हे ऐकून मिस्त्री म्हणाले, "म्हणजे चांभारकामच की." असो. मुद्दा असा की या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचा तापलेला नळ दोन्ही एकाच, डाव्या बाजूला असतात. मध्ये फक्त एक पत्रा. वर पेट्रोल आणि खाली निखारा, असाच हा संसार आहे. गळती किरकोळ दिसली तरी म्हणूनच ती किरकोळ नसते.

आता गळती होते कशी? चाळीतल्या वाचकांना हे चटकन कळेल. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी वर आले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. गोळा फुटला, दांडी वाकली, नळाच्या तोंडात खडा अडकला, किंवा खालून पंपाचा जोर फार झाला, की टाकी भरून वाहते. कार्बोरेटरच्या शेजारी जी छोटी वाटी असते, तिच्यात हेच सगळे बारीक आकारात आहे. गोळा म्हणजे फ्लोट, नळ म्हणजे निडल व्हॉल्व्ह. वाटी भरून वाहिली की जादा पेट्रोल झाकणावरच्या नळीतून बाहेर पडते.

पण कार्बोरेटर फक्त तिथूनच गळतो असे नाही, आणि मिस्त्रींचा सगळा भर यावर होता. "ओले कुठे आहे ते नको सांगू. सगळ्यात वर ओले कुठे आहे ते सांग." पेट्रोल खाली उतरते आणि वाटेतल्या प्रत्येक बोल्टला भिजवते, माणूस सर्वांत खालचा थेंब बघतो आणि तिथला पाना आवळतो. म्हणून पुतण्याला दोन्ही कार्बोरेटर फडक्याने कोरडे करायला लावले, खाली पांढरा कागद अंथरायला लावला आणि वास पूर्ण जाईपर्यंत अर्धा तास थांबायला लावले. त्या अर्ध्या तासात मिस्त्रींनी उरलेले जेवण संपवले.

मग बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता, नुसती किल्ली फिरवायची. एमजीबीचा पंप विजेवर चालतो, गाडीच्या मागल्या भागात असतो आणि चालताना टकटक आवाज करतो. वाट्या भरेपर्यंत तो भरभर टकटकतो आणि भरल्या की थांबतो किंवा क्वचित एखादी टक करतो. थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी जात आहे असे समजावे. किल्ली मात्र फार वेळ तशी ठेवू नये, इग्निशनची कॉइल तापते. पुतण्याने फोन गाडीच्या मागे धरला. टकटक आम्हांला मुंबईत ऐकू येत होती. ती थांबेना.

पुढच्या कार्बोरेटरच्या झाकणावरची नळी ओली झाली, म्हणजे वाटी भरून वाहत होती. शिवाय मागच्या कार्बोरेटरच्या खाली, वाटीतून जेटकडे जाणाऱ्या बारीक नायलॉनच्या नळीच्या नटापाशी एक थेंब धरला होता. दोन वेगळ्या गळत्या. दुसरीचे कारण पुतण्याने स्वतःच कबूल केले: वास कुठून येतो कळेना म्हणून त्याने तो नट दोनदा जोर लावून आवळला होता. आतली रबराची गोल कडी चिरडली होती. ती बदलायची, आणि नट हाताने बसवून वर थोडासाच पाना द्यायचा.

खरा वाद पहिल्या गळतीवर झाला. पुतण्या म्हणाला, व्हॉल्व्ह नवा आहे, पुन्हा बदलू का? मिस्त्री म्हणाले, झाकण काढ आणि फ्लोट कानाशी हलव. आत पेट्रोल शिरले असते तर खळखळले असते, खळखळले नाही. झाकण उपडे धरून फ्लोटच्या दांडीचे अंतर मोजले. ते ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास हवे, तेही बरोबर निघाले. पंप जुन्या पद्धतीचाच होता. बाजारातले काही नवे पंप फार जोर करतात आणि चांगला व्हॉल्व्हही उचलून धरतात, तसे इथे नव्हते. मग व्हॉल्व्हची सुई काढून पांढऱ्या कागदावर ठेवली. तिच्या टोकाला मोहरीच्या चौथाईएवढा काळा कण.

"हा कोळसा कुठून आला?" मिस्त्रींनी विचारले. पुतण्या म्हणाला, टाकीतला गंज असेल. पण गंज काळा मऊ नसतो, आणि वाटेत फिल्टर होता, तोही स्वच्छ. इथे आमचे डोके चालले, कारण हे आमच्या कामाचे होते. कोणत्या पानापर्यंत हिशेब बरोबर आहे ते कळले की चूक त्याच्या पुढच्या पानात असते. फिल्टरपर्यंत पेट्रोल स्वच्छ, वाटीत घाण. म्हणजे घाण फिल्टर आणि वाटी यांच्या मधली. मध्ये काय होते, तर वीतभर रबराची नळी आणि दोन कार्बोरेटरांना जोडणारी तशीच दुसरी. मिस्त्रींनी आमच्या पाठीवर थाप मारली. ती आम्हांला बी.कॉम.च्या निकालापेक्षा बरी वाटली.

नळी बाहेरून नवीकोरी दिसत होती. पुतण्याने ती उभी चिरली. आतून ती चिकट, मऊ झाली होती आणि बोट लावले की काळे सुटत होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रतीच्या रबराला ते मानवत नाही. (आपल्याकडेही आता वीस टक्क्यांचे पेट्रोल आले आहे. ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा स्कूटर आहे त्यांनी नळ्या एकदा चिमटून पाहाव्यात.) प्रत्येक वेळी नवा व्हॉल्व्ह पंधरा दिवस टिकत होता, तो पुढचा कण येईपर्यंत. इथेनॉल सोसणारी, 'आर ९' अशी खूण असलेली नळी तिकडे मिळते. ती बसवताना कोरडी दाबू नये, नाहीतर पितळी तोंडाची धार आतून रबराची साल काढते आणि तीच साल पुन्हा व्हॉल्व्हमध्ये.

फोन ठेवण्यापूर्वी मिस्त्रींनी आणखी दोन गोष्टी पाहायला सांगितल्या. एक, इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घे, कारण भरून वाहिलेले पेट्रोल इंजिनातही उतरते आणि ऑइल पातळ करते. वास आला, ऑइल बदलावे लागले. दुसरी गोष्ट पाहून मात्र ते गप्प झाले. झाकणावरच्या नळीतून सांडलेले पेट्रोल एक्झॉस्टपासून दूर, गाडीच्या खाली नेण्यासाठी कारखान्याने दोन लांब बारीक नळ्या दिलेल्या असतात. पुढच्या कार्बोरेटरची नळी आधीच्या मालकाने कधीतरी कापून टाकली होती. तिचे तोंड सरळ तापलेल्या नळाच्या वर येत होते. तीन महिने पोरगी त्याच्या मागे बसून शाळेला जात होती.

"ती नळी येईपर्यंत गाडी हलवायची नाही," मिस्त्री म्हणाले. पुतण्या "हो" म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "मला नको सांगू. सूनबाईला फोन दे."

सगळे सामान मिळून जो खर्च झाला तो गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. महिन्याने पुतण्याने मिस्त्रींच्या सांगण्यावरून वाटी उघडून फोटो पाठवला. तळ स्वच्छ होता. मिस्त्रींनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पावसाळा संपला की अजून एकदा उघड म्हणावं." इंग्लंडात पावसाळा कधी संपतो, हे आम्ही त्यांना सांगितलेले नाही.